हत्तीवाट

“हे निळं काय?” वीबेनं विचारलं, आणि मला कळलं की आज काहीतरी होणार. सव्वीस वर्षांत या माणसानं माझ्याकडे कॉफीशिवाय काही मागितलं नव्हतं, आणि चारचौघांत प्रश्न तर कधीच विचारला नव्हता.

आमच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये, जिथे एरवी मी सूप वाढते, तिथे चार टेबलं जोडून अख्खं आवार मांडलं होतं. पांढरे लाकडी ठोकळे म्हणजे इमारती, हिरवं कापड म्हणजे हिरवळ. पुढच्या तीस वर्षांत काय पाडायचं आणि काय बांधायचं, हे ठरवायला सगळ्या गावाला बोलावलं होतं. सूचना द्यायचा आज शेवटचा दिवस. बाहेर आमच्या फ्रीसलंड प्रांताचा बोचरा वारा, आणि आत नुसती जत्रा. जो तो चिठ्ठ्या चिकटवतोय, ठोकळे उचलून इकडचे तिकडे ठेवतोय. मीसुद्धा चिठ्ठी लिहिली होती, ‘स्वयंपाकघराला खिडकी’. आणि त्या आर्किटेक्ट पोरीनं, मारलूसनं, ती वाचून लगेच कात्रीनं ठोकळ्यावरच्या पुठ्ठ्याला खिडकी पाडली! सव्वीस वर्षं मी ट्यूबलाइटखाली बटाटे सोलतेय. माझ्या डोळ्यांसमोर तेव्हाच ऊन आलं.

बिस्किटांचा डबा एकदा उघडायचा, माणशी एक द्यायचं आणि झाकण लावायचं, हा आमच्याकडचा धर्म. त्या दिवशी मी डबा दोनदा फिरवला. यावरून काय ते समजा.

वीबे आमचा माळी. पुढच्या वर्षी निवृत्त होणार. त्याला मीच ओढून आणलं होतं, आणि तो कोपऱ्यात टोपी हातात धरून उभा होता. ते निळं दिसल्यावर मात्र तो पुढे आला.

“तळं आहे ते,” मारलूस म्हणाली. “पावसाचं पाणी साठेल, बदकं येतील. पेशंटना खिडकीतून बघायला काहीतरी छान.”

“मग लोक जाणार कुठून?”

“कुठले लोक? तिथून कुणी जातच नाही.” तिनं वरून काढलेले फोटो पसरले. “हे बघा ना, तीन वर्षांचे आहेत. हिरवळीवर एक पाऊल नाही. फार सुंदर राखलीय तुम्ही.”

वीबे फोटोंवर वाकला. “हे कोणत्या महिन्यातले?”

“मे. दरवर्षी मेमध्येच काढतो. उजेड चांगला असतो.”

वीबेची कानशिलं लाल झाली. हा आता टोपी घालून चालू पडणार, असं मला वाटलं, म्हणून मी त्याला कोपर मारलं.

“बोल की रे! की अजून तीस वर्षं गप्प बसणार आहेस?”

“ती वाट मी मिटवतो,” वीबे म्हणाला.

त्याचं काय आहे, बस थांब्यापासून डायलिसिसच्या दारापर्यंत जो आखीव रस्ता आहे, तो पार्किंगला भलामोठा वळसा घालून जातो. धडधाकट माणूस सहा मिनिटांत पोचतो, डायलिसिसच्या माणसाला पंधरा लागतात. म्हणून लोक हिरवळीतून आडवे जातात. अशा वाटेला आम्ही हत्तीवाट म्हणतो, कारण हत्ती काही कुणाला विचारून चालत नाही.

“दर एप्रिलला वरून हुकूम येतो, हिरवळ नीट करा,” वीबे सांगत होता. “मी वाट खणतो, बी पेरतो, दोरी बांधतो. मेमध्ये गवत येतं. जूनमध्ये दोरी सोडली की सप्टेंबरात वाट परत हजर. एकतीस वेळा पेरलंय, आणि एकतीस वेळा हरलोय.”

“म्हणजे ती दोरी बांधणारा मेला तूच होय!” मागून ट्रूस कडाडली. ऐंशीची म्हातारी, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येते. चाकांचा वॉकर ढकलत ती थेट टेबलापाशी आली. “दरवर्षी दीड महिना वळसा घालते मी! प्रत्येक पावलाला तुझा उद्धार करत!”

सगळे खो खो हसले. वीबेसुद्धा हसला, पण त्याचे डोळे काही हसत नव्हते, आणि त्याचं कारण त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. त्याची बायको रिन्स्के चार वर्षं त्याच बसनं डायलिसिसला यायची. “आज पण तुझं गवत तुडवून आले बरं का,” असं त्याला खिडकीतून चिडवायची. आणि हा हुकमाचा ताबेदार तिलाही सांगायचा, “रस्त्यानं येत जा गं.” तिला जाऊन आता सहा वर्षं झाली.

मारलूस फोटोंकडे बघत राहिली. मग तिनं लाल मार्कर त्याच्या हातात दिला. “काढा.”

एवढ्या नव्या कोऱ्या कापडावर! पण वीबेनं आढेवेढे घेतले नाहीत. थांब्यापासून त्यानं रेघ सुरू केली, मध्यावर डावीकडे वळवली, पुन्हा सरळ केली आणि दाराशी आणून सोडली. ट्रूस रेघेवर नाक खुपसून म्हणाली, “बरोब्बर!”

“मध्येच वाकडी का?” मारलूसनं विचारलं.

“इथे पेअरचं झाड होतं. आठ वर्षांपूर्वी वादळात पडलं. लोक त्याच्या खोडाला हात लावून दम खायचे.”

“मग आता सरळ करूया ना?”

“झाड नसलं तरी लोक वळूनच जातात. मी दरवर्षी पेरतो, आणि वाट दरवर्षी तिथेच वळते.”

“मी तर अजून तिथेच थांबते,” ट्रूस म्हणाली.

मारलूसनं निळं तळं उचललं आणि पार्किंगच्या पलीकडे नेऊन ठेवलं. असं, चमच्यानं साखर उचलावी तसं! मंडळींनी टाळ्या पिटल्या, आणि मी डबा तिसऱ्यांदा उघडला.

“वळणावर एक बाक ठेवूया?” ती म्हणाली.

“बाक नंतर. आधी झाड लावा,” वीबे म्हणाला. “तीस वर्षांचा आराखडा आहे ना? मग झाडाला वेळ आहे.”

पाचला सगळे पांगले. मी कप गोळा करत खिडकीशी आले. वीबे सायकल नेहमी बस थांब्यापाशी लावतो आणि रोज आखीव रस्त्यानं जातो. तो कडेला थांबला. त्यानं बुटांकडे पाहिलं, मग हिरवळीवर पाऊल टाकलं. मध्यावर पोचल्यावर तो डावीकडे वळला आणि उभा राहिला.

दम काही त्याला लागला नव्हता.