सिदूचे पाय

"दोघींनी धरल्याबिगर उठत न्हाई, आन म्हनं धनगर!" बायनाबाईनं सिदूच्या पोटरीवर थाप मारली. "लाव जोर."

"लावतोय की मावशे. पाय माजं ऐकनाच गेलाय."

"त्यो माजं ऐकंल."

असं ती म्हणायची आणि नेकनुरातल्या लोकांना ते खरं वाटायचं. बायनाबाई बाळंतपणं करी आणि अंग चोळून देई. मुरगळलेले पाय, धरलेल्या कंबरा, आखडलेल्या माना, सगळं तिच्या दारात येई. नवरा गेल्यापासून ती ह्या दोन हातांवर जगली होती आणि हातांचा तिला गर्व होता. तो झाकून ठेवायची तिला सवय नव्हती. झाकला असता तर गिऱ्हाईक कुठून आलं असतं?

सिदूचं दुखणं मात्र तिच्या ओळखीचं नव्हतं. गेल्या साली त्याचा एक डोळा महिनाभर अंधुक झाला आणि आपोआप निवळला. यंदा पोळ्याच्या सुमारास पायांना मुंग्या आल्या, मग पाय जड झाले. चालताना तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊ लागला. हकिमाच्या पुड्या झाल्या, देवऋष्याची लिंबं झाली. इकडे दिवाळी झाली की मेंढरं घेऊन सगळं घर गोदाकाठाला निघणार, ते पावसाळ्याच्या तोंडावरच परतणार. थोरल्या भावानं, तात्याबानं, सांगून टाकलं होतं, "चालता आलं तर चल. न्हाई तर घरी बस." मेंढरं गेली, बायको गेली, मग एकट्या धनगरानं गावात बसून करायचं काय? सिदूनं बायनाबाईचे पाय धरले ते एवढ्यासाठी.

तिचा इलाज ठरलेला होता. एरंडेल चोळायचं, निर्गुडीचा पाला बांधायचा आणि वरून तापल्या विटेचा शेक द्यायचा. वात म्हटला की शेक, हे तिला सासूनं शिकवलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. भादव्यातल्या कडक दुपारी तिनं सिदूला दणदणीत शेकलं आणि म्हणाली, "ऊठ आता."

सिदू उठला नाही. सकाळी निदान भिंत धरून उभा तरी राहिला होता, आता पाय चिंध्यांसारखे पडले होते. डोळ्यांपुढंही धूसर झालं.

"आग हुतीया गं, नुसती आग," तो कण्हला.

त्याची बायको कडूबाई तिरमिरीत उठली आणि रांजणातलं पाणी त्याच्या अंगावर ओतू लागली, तांब्यामागून तांब्या. "मारलंस की गं माज्या मालकाला!"

बायनाबाई विटांपासून मागं सरकली. ती भ्यायली होती, आणि भिण्याची तिला सवय नव्हती. सिदू ओल्या अंगानं सावलीत पडून राहिला. घटकाभरानं तो आपला आपण उठून बसला. मग भिंत धरून उभा राहिला. बायनाबाईनं त्याच्याकडे बघितलं, रांजणाकडे बघितलं आणि विटा उचलून बाहेर फेकून दिल्या.

"ह्याला गारवा मानवतोय. मला ठावंच हुतं."

"ठावं हुतं तर भाजलंस कावून?" कडूबाईनं विचारलं.

बायनाबाई कळशी उचलून रांजण भरायला निघाली.

दुसऱ्या दिवसापासून सगळी तऱ्हाच बदलली. सकाळी लवकर सिदूला विहिरीच्या थारोळ्यात, मोटेचं पाणी पडतं तिथं, गार पाण्यात बसवायचं. मग उताणं निजवून तिच्या तळहातावर पाय रेटायला लावायचं. दगडावर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. रानात नांगराच्या तासातून टाचेला अंगठा भिडवत चालायचं. ऊन चढलं की काम बंद. आणि सगळ्यात अवघड म्हणजे थकायच्या आत बसायचं.

"आजून चालवतंय की मावशे."

"चालवतंय तवाच बस. समदा दम आजच उधळलास तर उद्याला कुनाचा आनशील?"

सिदूला बसायची लाज वाटे, पण तो बसे. हळूहळू पाय ऐकू लागले. झोकांडी मात्र जाईना, आणि काठीनं भागेना. तेव्हा बायनाबाईनं त्याला बिऱ्हाड वाहणाऱ्या घोडीशेजारी उभं केलं. खोगिरावर हात ठेवला आणि सिदू सरळ चालू लागला. बायनाबाईला असा काही आनंद झाला की तिनं घोडीलाच गूळ चारला.

पण त्यात एक मेख होती. वाटेनं जाताना मेंढरांमागं पुरुष चालायचे. बिऱ्हाड, कोंबड्या आणि तान्ही पोरं लादलेल्या घोडीबरोबर बायका. बाप्या माणूस घोडीसंगं चाललेला कुणी पाहिला नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी बायनाबाईनं सिदूला समोर बसवलं.

"ही बिमारी गेली न्हाई बरं का. दडून बसलीय. परत यील. आली की पडून ऱ्हायाचं, वसरली की पुन्यांदा पयल्यापासनं."

"दर बारीला उठंन का मावशे?"

"ते देवाला ठावं. पर उठायचं कसं, ते आता तुला ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मेंढरं वेशीबाहेर पडली. तात्याबानं सिदूला हाक मारली. "घोडीवर बस."

"न्हाई."

"मग म्होरं ये, मेंढरांमागं."

"ते जमायचं न्हाई, दादा."

"म्हंजे बायकांत चालनार का बे?"

बघायला जमलेले चार लोक हसले. सिदूचे कान लाल झाले. त्यानं खोगिरावर हात ठेवला आणि पाऊल उचललं.

"चालतोय ते बघ, दादा. कुनात चालतोय ते नगं बघू."

 घोंगडं खांद्यावर सरकवून तात्याबा मेंढरांमागं निघून गेला. कडूबाईनं घोडीचा कासरा सैल सोडला. घोडीच्या शेजारून सिदू चालला, हळू, पण आपल्या पायांनी.

बायनाबाई वेशीत उभी राहून बघत होती. आता बस, म्हणून ओरडावंसं तिला वाटत होतं, पण तिनं तोंडाला पदर लावला. आता त्याचं त्यालाच कळायला हवं होतं.

एवढ्यात पुढं माळावर मेंढरं थांबलेली दिसली. तिथं चारा नव्हता, पाणीही नव्हतं, आणि तात्याबा सहसा कुणासाठी थांबणारा माणूस नव्हे. घोडी आणि सिदू जवळ येईपर्यंत तो तिथंच उभा राहून कुत्र्यांवर ओरडत होता, जणू खोळंबा त्यांच्यामुळेच झाला होता.