ताण दिलेला वाफा

धाकटीच्या परसात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे एका हातभर वाफ्यावर खिळले होते. तीन महिने थेंबभर पाणी न मिळालेल्या मातीतून गुलाबी फुलं वर आली होती. पान नाही, फांदी नाही, थेट मातीतून फूल! फुलबाबा हात जोडून उभा होता आणि मिटल्या डोळ्यांच्या फटीतून गर्दीचा अंदाज घेत होता.

या फुलांवर धाकटीचा जीव टांगलेला होता. तिचा रक्तदाब असा, की गेल्या वर्षी तासभर अर्धा चेहरा वाकडा झाला होता. बाबाने वाफ्यात राखेचे गोळे पुरले, तीन महिने पाणी बंद ठेवायला सांगितलं आणि पाच दिवसांपूर्वी त्यावर मंतरलेल्या पाण्याच्या दोन घागरी ओतल्या. माती फुलली की रक्त शांत, मग औषध कशाला? धाकटीने गोळ्यांची पाकिटं बाबाच्या पायाशी ठेवायला पदरात बांधून आणली होती.

तिच्या थोरल्या बहिणीचं मात्र डोकं फिरलं होतं. बावीस वर्षं रोपवाटिकेत काम केलेल्या बाईला 'तीन महिने पाणी बंद' हे ऐकूनच संशय आला होता. घागरी ओतायच्या दिवशी, पाणी पडण्याआधी, सगळे बाबाच्या पायांवर लोळत असताना तिने वाफ्याच्या कडेला बोट खुपसलं. राखेचा गोळा कसला, राख फासलेला फुलझाडाचा छोटा कांदा! असे चार कांदे तिने काढले, कुंडीत लावले आणि कुंडी गच्चीवर ठेवली.

ती कुंडी आता तिने आणून बाबाच्या पुढ्यात आदळली. चार कांदे, चार गुलाबी फुलं.

"हिला कोणतं पाणी घातलं, विचारा," ती म्हणाली. "भांडी विसळलेलं."

बाबा म्हणाला, त्याच्या मंत्राची हवा गच्चीपर्यंत गेली असणार. दोघं-तिघं हसले. मग थोरलीने वाफा उकरला आणि कांदे एकेक करून लोकांच्या हातावर ठेवले. ही पावसाळी लिली. एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकते, पाण्यावाचून सुकून पडून राहते आणि भरपूर पाणी मिळालं की चार-पाच दिवसांत फुलते. रोपवाटिकेत याला ताण देणं म्हणतात, ते कोणीही शिकाऊ माळी करतो. बाबाने तेवढ्यात फाटक गाठलं होतं. गर्दीतली एक शहाणी तरीही हळूच विचारत होती, "भांड्यांना साबण कोणता वापरता?" अशा अकलेपुढे फुलबाबाला मंत्र तरी कशाला हवा होता?

धाकटी रडवेली झाली. "ताई, पण फुलं तर खरीच आली ना गं?"

"फुलं खरीच आहेत. खोटा तो आहे. कांद्याच्या पोटात पाणी साठलेलं असतं, म्हणून तो ताण सोसतो. तुझ्या डोक्यातली नस सोसणार आहे का? चमत्कार दिसला की आधी विचारायचं, हा आणखी कशाने होतो? एवढं विचारलं असतंस, तर तीन महिने या वाफ्याची वाट बघण्यात गेले नसते."

धाकटीने पदराची गाठ सोडली. पाकीट थोरलीनेच फोडलं. धाकटी आजची गोळी गिळेपर्यंत थोरली समोरून हलली नाही.