तीन कोऱ्या सीडी

बायको जाऊन सात महिने झाले. तिच्या आईला ते सांगितलेलं नाही.

हे बायकोनंच ठरवलं होतं. सासूबाई सत्त्याऐंशीच्या, दुसऱ्या गावी मेहुण्याकडे अंथरुणाला खिळलेल्या. हृदय इतकं कमजोर की धक्का सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. फोनवरचं त्यांना ऐकू येत नाही. सीडी लावून कानाला हेडफोन दिला आणि आवाज पूर्ण वाढवला तरच ऐकू येतं. म्हणून बायकोनं शेवटच्या दिवसांत पलंगावर बसून बारा महिन्यांचं बोलणं कॉम्प्युटरवर भरून ठेवलं. माझी कंबर धरलीय, प्रवास जमत नाही, असं प्रत्येकात सांगितलं. मी दर महिन्याला त्यातलं एक सीडीवर उतरवायचं आणि कुरियरनं पाठवायचं.

कसं करायचं ते तिनं कागदावर लिहून दिलं होतं. सीडी घाला. हे बटण दाबा. ट्रे बाहेर आला की खालचं ओके दाबा. ऐकत बसू नका.

मी तसंच केलं, ऐकलं तर एकदाही नाही.

आठव्या महिन्यात ट्रे आत गेला तो बाहेरच येईना. आतून खरखर येत होती. मी चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याचे पंप चालवले. पंपाला काय झालंय ते मला आवाजावरून कळतं. हे यंत्र मात्र तिचं होतं. बंद करून पुन्हा चालू केलं. पुढच्या बारीक भोकात टाचणी घालून ट्रे ओढून काढला, मऊ फडक्यानं आतलं भिंग पुसलं. नवी केबल आणली, सीडींचं नवं पुडकं आणलं. चार सीडी वाया गेल्या. मध्येच मेहुण्याचा फोन आला, आई विचारतेय, ताईची सीडी अजून कशी आली नाही. मी म्हणालो, पाठवतो. फोन ठेवला आणि त्या डबड्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. तिला नेलं तेव्हा मला रडू आलं नव्हतं. ते तेव्हा आलं, हातात टाचणी धरून.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. नवी केबल बघून तो हसला. रोग म्हशीला आणि इलाज पखालीला, म्हणाला. हा सीडी लिहिणारा रायटर आता निवृत्त झालाय काका, त्याला पेन्शन द्या. मग त्यानं पडद्यावर कसलीशी यादी उघडली आणि त्याचं हसणं थांबलं. सीडी उतरवल्यावर लावून बघता का, असं त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो.

"काका, मागच्या तीन महिन्यांत यानं काहीच लिहिलेलं नाही. तिन्ही कोऱ्या गेल्यात."

मी म्हणालो, ट्रे बाहेर आला होता, मी ओके दाबलं होतं. त्यानं मला पडद्यावरची ओकेची चौकट दाखवली. काम झालं तरी तसलीच चौकट येते, चुकलं तरी तसलीच. वरचं इंग्रजी मला वाचता येत नाही. खाली ओके दोन्हीकडे असतं. लिहिलेली सीडी उजेडात तिरकी धरली की आतल्या बाजूला गडद कडं दिसतं, तेही त्यानं शिकवलं.

पण मेहुणा दर वेळी सांगायचा, आईनं दोनदा ऐकली. मागच्या महिन्यात तर तिचा निरोप होता की पोरीचा आवाज बसलाय, औषध घ्यायला सांगा. मी सांगतो म्हणालो होतो.

मी मेहुण्याला फोन केला. तिन्ही कोऱ्या होत्या, सांगितलं.

"भावोजी, मग आई काय ऐकत होती?"

एक तर त्या ठार बहिऱ्या झाल्या होत्या आणि ते लपवत होत्या, नाहीतर त्यांना कळलं होतं. बहिऱ्या झाल्या असतील तर बायकोनं धाप लागत असताना केलेली सगळी मेहनत पाण्यात गेली. कळलं असेल तर ती म्हातारी एकटीच ते गिळून बसली होती. आणि विचारायचं म्हणजे सांगणंच झालं.

दुरुस्तीवाल्यानं नवा रायटर बसवला. न पोचलेल्या तिन्हींतली पहिली, म्हणजे पाचवी सीडी उतरवली. ऐकून खात्री करा म्हणाला. मी म्हणालो, तूच कर. त्यानं हेडफोन लावला, थोड्या वेळानं काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, आलंय.

सकाळच्या बसनं मी स्वतः गेलो. लेक बरोबर का आली नाही, असं सासूबाईंनी विचारलं तर द्यायचं उत्तर वाटभर घोकत होतो. मेहुण्याकडच्या तिन्ही सीडी खिडकीशी धरून बघितल्या. कडं एकीलाही नव्हतं. मग त्यानं नवी लावली, आवाज पूर्ण वाढवला आणि आईला हेडफोन दिला.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्यांनी हात लांब करून आवाज जरासा कमी केला.

वीस मिनिटं त्या हलल्या नाहीत. संपल्यावर हेडफोन मांडीवर ठेवला. मी उत्तर तयार ठेवून बसलो होतो. त्यांनी लेकीचं काही विचारलं नाही.

"वेळेवर जेवता का, जावईबापू?"

मी मान हलवली.

"अजून किती आहेत?"

मेहुण्यानं तोंड फिरवलं. मी बोटांनी सात दाखवली.

"मग घाई करू नका. दोन-दोन महिन्यांनी पाठवा."

एवढंच. ज्या गोष्टीसाठी मी सात महिने घरात तोंड दाबून बसलो, ती त्यांना ठाऊक होती. एकाच माणसासाठी आम्ही दोघं दोन गावांत वेगवेगळे गप्प होतो. आता समोरासमोर बसलो होतो, तरी ते नाव कुणी काढलं नाही. मेहुण्यानं चहा आणला, तो निवून गेला.

थांब्यावर सोडायला आला तेव्हा त्यानं विचारलं, आईला कधीपासून माहीत असेल. मला काय ठाऊक. बस आली, मी बसलो.

रायटर आता नीट चालतो. दोन महिन्यांनी एक, म्हणजे सात सीडींना चौदा महिने लागतील. डॉक्टरांनी त्यांना तेवढे दिलेले नाहीत. तेही आम्ही त्यांना सांगितलेलं नाही.