पालथी पाटी

उद्यानाच्या दारावरच्या माहितीफलकावर 'ऐतिहासिक' हा शब्द चार वेळा आहे. बाबा म्हणायचे, एकदाच लिहिला असता तर विश्वास बसला असता. आत दोन तळी आहेत, एक बदकांचं आणि एक होड्यांचं. गुलाबाच्या वाफ्यांत गुलाबांपेक्षा देणगीदारांची नावं जास्त टवटवीत आहेत. मधल्या उंचवट्यावर तीन युद्धांची तीन स्मारकं आहेत, आणि त्यांच्यावरची नावं ऊनपाऊस दरवर्षी थोडीथोडी खातात. ती पुन्हा कोरून वाचण्याजोगी ठेवणं हे माझ्या वडिलांचं काम होतं. एकतीस वर्षं त्यांनी ते केलं. छिन्नी टेकवण्याआधी ते प्रत्येक नाव मोठ्याने वाचत. झोपलेल्याला हात लावण्याआधी हाक मारावी, तसं.

बाबा जाऊन चार महिने झाले होते. ते आजारी असतानाच उद्यानाने जुन्या पाट्या काढून काळ्या गुळगुळीत दगडाच्या, यंत्राने कोरलेल्या नव्या पाट्या बसवल्या. जुन्यांतली एक, तिसऱ्या स्मारकाची उजवी पाटी, मला हवी होती. बाबांनी शेवटची कोरलेली तीच. तेव्हा चहाचा कप धरतानाही त्यांचा हात थरथरायचा, पण त्या पाटीवरची एकही रेघ थरथरलेली नाही. मी तीन अर्ज केले. तिसऱ्याला उत्तर आलं: 'वडिलांच्या वापरातील साहित्यासह प्रत्यक्ष उपस्थित राहावे.'

दादाला वाटलं, सत्कार असणार. हत्यारं काचेच्या कपाटात ठेवतील, शेजारी बाबांचा फोटो लावतील. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि वाटेत तळ्याकाठचं एक बाक मनातल्या मनात बाबांच्या नावे करूनही मोकळा झाला. मी म्हटलं, बाबा त्या बाकावर कधी बसले नाहीत, त्यांचा सगळा जन्म उकिडवं बसण्यात गेला. दादा म्हणाला, "तुला ना, कुणी चांगलं करायला निघालं की पोटात दुखतं."

अधीक्षक दारापर्यंत सामोरे आले. सरकारी माणूस खुर्ची सोडून पुढे आला की त्याचं काहीतरी अडलेलं असतं, एवढं मला कळतं. त्यांनी वडिलांबद्दल दोन वाक्यं दुःख व्यक्त केलं, त्यातल्या एकात बाबांचा हुद्दा चुकवला, आणि आम्हाला थेट तिसऱ्या स्मारकाकडे नेलं.

नवी पाटी आरशासारखी चकचकीत होती. हुतात्म्यांच्या नावांतून आपलाच चेहरा दिसावा, अशी सोय केलेली. आणि उजवीकडे वरपासून खालपर्यंत, चार नावं तिरपी कापत, एक वेडीवाकडी रेघ सफाईने कोरलेली होती.

मी ती तत्काळ ओळखली. जुन्या पाटीला, मला हवी होती तिलाच, तिथे वरवरचा तडा होता. बाबा दरवर्षी दगडाची पूड आणि राळ मळून त्याची लांबी, म्हणजे भरायचा लगदा, करत आणि तडा बुजवत. त्यांनी अंथरूण धरलं त्या वर्षी ते काम कुणी केलं नाही, तडा उघडा पडला. त्याच सुमारास कंत्राटदाराने जुन्या पाटीचा फोटो काढून यंत्राला दिला. यंत्राने नावं कोरली, आणि तितक्याच निष्ठेने तडाही कोरला.

"कुणाच्या लक्षात नाही आलं?" दादाने विचारलं.

अधीक्षक म्हणाले, त्यांना तो नक्षीचा भाग वाटला होता. वीज कोसळल्याचं प्रतीक वगैरे. समितीतल्या एका सदस्याने तर त्याचं कौतुकही केलं. गेल्या आठवड्यात एका हुतात्म्याचा नातू आला आणि आजोबांच्या नावावर काट का मारली म्हणून विचारू लागला, तेव्हा कुठे उलगडा झाला. अनावरण परवावर आलं होतं. कायमचा एक हार टांगून ठेवावा का, यावर बैठक झाली होती, पण हार वाळतो.

"तुमचे वडील हे एका सकाळीत करायचे," ते म्हणाले. "तुम्हाला येतं, असं माळीकाका सांगत होते."

दादाने शर्टाची बाही नीट केली आणि तळ्याकाठच्या बाकाकडे पाठ फिरवली.

मला येत होतं. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मी बाबांना लांबी मळून देण्यात घालवल्या होत्या. मी अधीक्षकांना विचारलं, आमची पाटी कुठे आहे. ते म्हणाले, जुनं साहित्य 'सुयोग्य पद्धतीने पुनर्वापरात' आहे. अनावरण झालं की बघू.

माळीकाका मागेच उभे होते. बाबांपेक्षा वयाने थोडे लहान, तीस वर्षं त्यांच्या शेजारी डबा खाल्लेले. त्यांनी झारी खाली ठेवली.

"होड्यांच्या तिकीटखिडकीपुढे फरशी म्हणून घातल्यात, पोरी," ते म्हणाले. "पालथ्या. तुझी खिडकीच्या अगदी समोर आहे. रांग तिच्यावरच उभी असते."

अधीक्षक म्हणाले, कंत्राटदाराने परस्पर घातल्या, आणि नावं खाली आहेत, त्यामुळे अवमानाचा प्रश्न येत नाही.

"आधी पाटी काढून द्या," मी म्हटलं, "मग तडा बुजवते."

"मॅडम, उखडलेली फरशी पाहुण्यांना दिसेल."

"मग तडाही दिसेल."

त्यांनी दोन्ही मनात तोलून पाहिलं असावं. शेवटी पहारी आल्या. माळीकाकांनी स्वतः उभं राहून, कोपऱ्याला हिसका न देता, इंचाइंचाने पाटी सोडवली. चौघांनी ती उलथी केली.

नावं नव्हती. पाटी सिमेंटात दाबून बसवली होती आणि प्रत्येक अक्षर काठोकाठ भरलेलं होतं. राखाडी, सपाट, रांगोळीसारखं. ते छिन्नीने काढायचं म्हणजे बाबांच्या कडा त्याच्याबरोबर जाणार. अधीक्षकांनी सुचवलं, अ‍ॅसिड टाका, स्वच्छ होईल. तो दगड अ‍ॅसिडात साखरेसारखा विरघळतो, हे मी त्यांना सांगत बसले नाही.

मी नव्या पाटीपाशी गेले. कबूल केलं होतं म्हणून, आणि त्या चार जणांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं म्हणून. काळ्या दगडाची पूड चाळली, राळ तापवली, मळली. एकेक नाव मोठ्याने वाचून तडा भरत गेले. दादा पातेलं धरून बसला. इस्त्रीच्या शर्टावर राळेचे थेंब पडले, त्याने ते पुसले नाहीत. तिसऱ्या नावापाशी माझा आवाज बसला, तेव्हा ते त्याने वाचलं.

दुपारी अधीक्षक आले, चार हातांवरून बघून खूश झाले. अगदी यंत्राने केल्यासारखं झालंय, म्हणाले. मी सांगितलं की ही लांबी वर्षभर टिकते, मग पुन्हा भरावी लागते. कोण भरणार?

"पुढच्या वर्षी माझी बदली झालेली असेल," ते मोकळेपणाने म्हणाले.

टेम्पो यायला वेळ होता. तिकीटखिडकीपुढे पाटी उताणी पडली होती आणि होडीत बसणारे तिला वळसा घालून जात होते. मी तिच्याशेजारी बसले. काय करायचं ते सुचेना, म्हणून केसांतला आकडा काढला आणि एका अक्षराच्या टोकाला नुसता टेकवला.

चिमूटभर राखाडी भुगा सुटून आला. मी आणखी थोडं खरवडलं. बोटांत चोळून पाहिलं. सिमेंट नावालाच होतं, बाकी सगळी वाळू. कंत्राटदाराने माल खाल्ला होता. उद्यानाचा, सरकारचा, हुतात्म्यांचा, सगळ्यांचा. प्रामाणिक माणूस असता तर ती अक्षरं कायमची गेली होती.

दादा वाकून बघत होता. एक काना उघडा झाला, मग वरची रेघ. छिन्नी जिथे उचलली तिथली, नखाएवढी, बाबांची तिरपी कड जशीच्या तशी होती.

"दुसरा आकडा आहे का तुझ्याकडे?" त्याने विचारलं.

मी दिला. उभ्या आयुष्यात चोराचे आभार मानायची वेळ आली नव्हती. ते मनातल्या मनात मानले आणि पहिलं नाव वाचून पुढच्या अक्षराकडे वळले.