पट्टीतली ताकद

बन्सीला गोजरबाईनं कडेवर वाढवलं होतं. त्यांची आई बाळंतपणात गेली तेव्हा गोजरबाई स्वतःच परकर नेसायच्या वयाची होती. लग्न होऊन ती सोनईला आली, तेव्हा पाठराखणीला म्हणून बरोबर आलेला हा भाऊ पुन्हा माघारी गेलाच नाही. तिच्याच ताटात जेवला, तिच्याच घरात मोठा झाला. मिसरूड फुटल्यावर नगरला मिलिटरीच्या मेसमध्ये भांडी घासायला लागला आणि तिथल्या आचाऱ्याच्या हाताखाली एक वेगळीच कला शिकून आला. कोंबडीच्या मांसाच्या बोटाएवढ्या पट्ट्या कापायच्या, अंड्यात बुडवायच्या, पावाच्या चुऱ्यात घोळवायच्या आणि कडकडीत तेलात सोडायच्या. साहेब लोकांचं खाणं. श्रीरामपूरच्या एस. टी. स्टँडाबाहेर त्यानं हातगाडी लावली. गाडी फलाटाला लागून सुटेपर्यंतच्या वेळात उतारू कागदात गुंडाळलेल्या पट्ट्या घ्यायचे आणि चालता चालता खायचे. तो त्याला नुसतं 'पट्टी' म्हणायचा.

गोजरबाईला त्याचा मोठा अभिमान. पाण्याच्या टँकरपाशी बायका हंडे घेऊन ताटकळत उभ्या असल्या की तिच्या बोलण्यात बन्सी यायचाच.

बाहत्तरच्या दुष्काळात तिची थोरली मुलगी विजयमाला आजारी पडली. आधी खोकला, मग संध्याकाळचा ताप, मग थुंकीत रक्त. दवाखान्यात फोटो काढला आणि टी. बी. निघाला. काही दिवस तिथं ठेवून घेतलं, सुया दिल्या आणि गोळ्यांची पुडकी बांधून घरी पाठवलं. निघताना डॉक्टरांनी गोजरबाईला समोर बसवून सांगितलं,

"बाई, औषध रोगाशी भांडेल. पण अंगात मांस धरायचं काम खाण्याचं. हिला प्रोटीन पाहिजे. अंडी, दूध, डाळ, मटण, कोंबडी, जे मिळेल ते. नुसत्या भाकरीवर ही उठणार नाही."

'प्रोटीन' हा शब्द गोजरबाईनं घरी येईपर्यंत तोंडातल्या तोंडात घोळवला. घरात प्रोटीन कुठून आणायचं? तिचा नवरा आसाराम दुष्काळी कामावर खडी फोडत होता. गुरं छावणीत होती. अंगणात तेवढ्या कोंबड्या राहिल्या होत्या, त्याही दाण्यावाचून पिसं गाळत हिंडायच्या. अंडी घालायचं त्यांनी केव्हाच बंद केलं होतं.

भाचीला बघायला बन्सी आला तो उंबऱ्यातच गहिवरला. विजयमालाच्या मनगटाला हात लावून म्हणाला, "अगं, काडी झाली की गं तुजी!" मग चहा पिता पिता त्यानं बहिणीला तोड सुचवली.

"आक्का, ह्या कोंबड्या आज न्हाई उद्या अशाबी मरायच्याच. मला दे. मी तिकडं दाणापानी करीन, आन् त्यांचंच मांस पट्ट्या करून पोरीला आणून देत जाईन. चांगली तळलेली पट्टी दोन-तीन दिस ऱ्हाती. तुला कापायला नको, शिजवायला नको. मिलिटरीतले साहेब काय खाऊन धडधाकट ऱ्हात्यात? हेच! एका पट्टीत अर्ध्या कोंबडीची ताकद असती बघ."

"तिच्यात प्रोटीन असतंय का रं?" गोजरबाईनं विचारलं.

"प्रोटीनच असतंय समदं," बन्सी म्हणाला.

तिनं एकेक कोंबडी धरून त्याच्या करंडीत घातली. ठिपक्यांची तलंग हाताला येईना, तेव्हा परसातून पळून पळून तिनंच ती पकडून दिली.

बन्सी शब्दाला जागला. बाजाराच्या दिवशी यायचा, मधे एखाद्या दिवशी ओळखीच्या कंडक्टरबरोबर पुडा पाठवायचा. तेलानं पारदर्शक झालेला कागद सोडला की सोनेरी, कुरकुरीत पट्ट्यांचा वास घरभर सुटायचा. धाकटी भावंडं ओसरीवर येऊन उभी राहायची. गोजरबाई त्यांना बाहेर हाकलायची आणि विजयमालाच्या पुढ्यात बसून तिला खाऊ घालायची.

"खा गं. मामानं आणलंय. ही एवढी संपीव."

शेजारची बिबीजान रोज एक अंडं द्यायला तयार होती. तिच्या दोन कोंबड्या अजून घालत होत्या. गोजरबाईनं तिला हसून सांगितलं, "ऱ्हाऊ द्या भाबी, तुमच्या लेकरांना हुईल. आमच्या बन्सीची पट्टी हाय की. डाक्टर म्हनले ते समदं तिच्यातच हाय." पोरीच्या वाट्याची डाळीची वाटीही ती आसारामच्या डब्यात घालू लागली. दिवसभर घण मारणारा माणूस. पोरीला तर कोंबडी मिळत होतीच.

पुढच्या तपासणीला विजयमाला काट्यावर उभी राहिली. डॉक्टरांनी काटा पाहिला, मागचा कागद पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. वजन उतरलं होतं.

"काय देता हिला खायला?"

"कोंबडी," गोजरबाई ठसक्यात म्हणाली. "जवळजवळ रोज."

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "बाई, खोटं बोलून मला काही होणार नाही. तुमची पोरगी जाईल. कोंबडी खाणाऱ्या माणसाचं अंग असं दिसत नाही."

बाकावर बसलेल्या बायका ऐकत होत्या. गोजरबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण लेकीला उपाशी ठेवतो असं हा माणूस समजतो! परतीच्या गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी पुडा आला. एक घास खाऊन विजयमालानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. "आये, तिखटानं जीभ सोलून निघती गं. नको मला."

"असं कसं नको? थांब, धुऊन देते," गोजरबाई म्हणाली. तिनं चुलीवरचं कढत पाणी पातेल्यात ओतलं आणि पट्ट्या त्यात सोडल्या. तिखट निघून जाईल, मग मांस कुस्करून भाकरीत कालवू, असा तिचा विचार.

पाणी आधी लाल झालं, मग पांढरं. वरचं कवच सुटून गेलं. त्याच्या आत मांस दिसावं, तर दिसला मैद्याचा गोळा. तोही फुगून विरघळायला लागला. गोजरबाईनं पळीनं ढवळलं. तळाशी मानेच्या कातडीच्या बारीक चिंध्या फिरत होत्या, त्यांना चिकटून एखाद-दुसरं मांसाचं सूत. तिला वाटलं, ही एखादी चुकून आली असेल. तिनं दुसरी हातात घेऊन मोडली. मग तिसरी. पुड्यातली एकूणएक पट्टी मोडून पाहिली. सगळ्यांत तेच. कोंबडीच्या रश्शात मळलेली कणीक. म्हणून वास तेवढा कोंबडीचा.

पहिल्यांदा तिला बन्सीचा राग आलाच नाही. त्याला कुणीतरी फसवत असेल, कुणाकडून तयार माल घेत असेल, असंच तिला वाटत राहिलं. सकाळी पहिल्या गाडीनं ती श्रीरामपूरला निघाली, ती त्याला सावध करायला.

स्टँडाबाहेर हातगाडीभोवती चांगली गर्दी होती. बन्सी पाठमोरा होता. मोठ्या कढईत पट्ट्या उसळत होत्या, आणि मागच्या शेगडीवर एका लहान पातेल्यात तो दुसरंच काही परतत होता. गोजरबाई जवळ गेली. पातेल्यात गावरान कोंबडीचं मांस होतं. भरगच्च तंगड्या, छातीचे तुकडे, वर तूप तरंगत होतं. हातगाडीखाली तीच करंडी होती. करंडीत ठिपक्याठिपक्यांची पिसं पडलेली.

"आक्का! तू कशी काय?" बन्सी दचकला.

"हे काय हाय?" तिनं पातेल्याकडं बोट केलं.

"ते व्हय... ते तिकडचं हाय. त्याला हात लावू नको." त्यानं आवाज खाली आणला. "कारखान्याच्या कॅन्टीनचं कंत्राट निघतंय. तिथल्या साहेबाला दुपारचा डबा देतो मी. बाजारची कोंबडी त्याला चालत न्हाई, गावरानच लागती. एकदा का कंत्राट मिळालं, की मग बघ तू—"

"मपल्या कोंबड्या त्याला घातल्या?"

बन्सीनं पातेल्यावर झाकण ओढलं.

"आन् इजयमालेला काय धाडलंस?"

"पट्टीच की. लोक घेत्यात तीच."

"तिच्यात काय असतंय, बन्सी?"

"आक्का, हळू बोल. लोक ऐकत्यात."

"काय असतंय तिच्यात?"

"थोडं तरी असतंयच ना!" तो चिडला. "निव्वळ मांसाची पट्टी ह्या भावात कुणाला परवडती? मला वाटलं, सुया चालू हायेत, गोळ्या चालू हायेत, पोरगी बरी हुईलच. खान्यानं असा काय फरक पडतोय? चव तर आवडत हुती ना तिला?"

ह्या शेवटच्या शब्दांनी गोजरबाईच्या आत काहीतरी तुटलं. पोरगी आजारी आहे हे त्याला ठाऊक होतं. त्यानं मनगट हातात धरून डोळ्यांत पाणी आणलं होतं. तेलात पट्ट्या सोडताना, त्या मोजून कागदात बांधताना, कंडक्टरच्या हातात पुडा देताना, प्रत्येक वेळी त्याला ठाऊक होतं.

शेजारीच चहाची टपरी होती. तिनं टपरीवाल्याकडून काचेचा ग्लास भरून कढत पाणी मागून घेतलं, बन्सीच्या परातीतली एक पट्टी उचलली आणि सगळ्यांदेखत ग्लासात सोडली.

"बघा," ती गिऱ्हाइकांना म्हणाली. "काय खाताय ते बघा. मपली लेक टी. बी. नं पडलीय. डाक्टर म्हनला कोंबडी घाला, तर मामानं तिला हे घातलं."

लोक वाकून बघायला लागले. पाणी दुधासारखं गढूळ झालं. एका म्हाताऱ्यानं तोंडातला घास थुंकला. धोतर नेसलेला एकजण खाता खाता थांबला, हातातल्या तुकड्याचा त्यानं वास घेतला आणि तो गटारात टाकला. कुणीतरी हसलं. गाडीचा हॉर्न वाजला, तशी गर्दी पांगली.

"आक्का, काय केलंस गं हे!" बन्सीचा चेहरा पडला होता. "मपलं पोट हाय ह्याच्यावर."

"तिलाबी पोटच हुतं," गोजरबाई म्हणाली. ग्लास तिनं टपरीवाल्याला परत केला आणि मागं न बघता फलाटाकडं चालू लागली.

वाटलं होतं, बोलून मन हलकं होईल. ते झालं नाही. गाडीत तिला सारखा लहानपणचा बन्सी आठवत राहिला, दुपारी तिच्या मांडीवर झोपणारा. त्या पोराचा हा कधी झाला, हे तिला कळेना.

घरी आल्यावर तिनं सगळं विजयमालाला सांगितलं. पोरगी भिंतीला टेकून ऐकत होती. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"मला कळलं हुतं, आये."

"काय?"

"पयल्याच आठवड्यात. चावताना कळतंय की. आत नुसतं पीठ लागायचं."

"मग बोलली का न्हाईस?"

विजयमालानं गोधडीचा दोरा ओढला. "तू समोर बसायचीस. मामानं आणलंय, मामानं आणलंय म्हनायचीस. तुजं तोंड किती फुलायचं त्या टायमाला. मला वाटलं, मी चार दिवसांची असले तर हिचा भाऊ कशाला तोडू?"

गोजरबाईनं तिला जवळ ओढलं नाही, रागावलीही नाही. ती उठून परसात गेली. भावानं लेकीला फसवलं होतं, आणि लेकीनं आईला. एकानं स्वतःसाठी, एकीनं आईसाठी. पण ह्या घरात एवढे दिवस आंधळी होती ती एकटीच. कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यापाशी तिला रडू फुटलं.

संध्याकाळी ती बिबीजानच्या दारात गेली. एकदा नाकारलेलं मागायला तोंड उघडत नव्हतं. "भाबी, ते अंडं..." एवढंच बोलली. बिबीजाननं काही विचारलं नाही. आत जाऊन अंडं आणलं आणि पदराखाली झाकून तिच्या हातात दिलं. "उद्यापासनं सकाळीच पोरीला पाठवीन घेऊन," ती म्हणाली.

डॉक्टरांना गोजरबाईनं सगळं खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मैदा, तेल आणि मीठ. बाई, त्यापेक्षा मूठभर शेंगदाण्यांत जास्त होतं. त्या दिवशी मी तुम्हाला तसं बोलायला नको होतं." त्यानंतर विजयमालाला अंडं, भिजवलेले हरभरे, शेंगदाण्याचं कूट आणि आसारामच्या डब्यातून परत आलेली डाळ मिळायला लागली. महिन्याभरात काटा जागेवर थांबला. मग हळूहळू वर सरकला. पुढल्या पिकाच्या सुगीला ती आईबरोबर रानात जाऊन बांधावर बसू लागली, आणि वर्षभरानं डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या.

बन्सीला कॅन्टीनचं कंत्राट मिळालं. तिथल्या साहेबाला डबा आवडला होता.

एकदा दिवाळीनंतर तो सोनईला आला. अंगात टेरिलिनचा सदरा, हातात बहिणीसाठी लुगडं. दारात घुटमळत उभा राहिला. विजयमालाच पुढं झाली. "या मामा, बसा," म्हणत तिनं पाट मांडला, पाणी दिलं, मामीची चौकशी केली. तिच्या मनात खरंच काही राहिलं नव्हतं. ती बरी झाली होती.

गोजरबाईनं पिठलं-भाकरी केली आणि त्याला पोटभर वाढली. लुगडं घडी न मोडता फळीवर ठेवलं. तो जेवता जेवता जुन्या गोष्टी काढत होता, हसवायला बघत होता. ती चुलीपाशी पाठ करून भाकरी थापत राहिली. पीठ संपलं तरी ती तशीच बसून राहिली. तो हात धुऊन, "येतो आक्का," म्हणाला, तेव्हा तिला वळून "ये" म्हणायचं होतं. लहानपणापासून तो निघाला की ती तसंच म्हणायची.

तो शब्द काही तिच्या तोंडून निघाला नाही. विजयमालाच त्याला वेशीपर्यंत पोचवून आली.