बर्फ लावू नका

रचना जन्मात सासऱ्यावर ओरडली नव्हती. त्या दुपारी ओरडली, तेव्हा तिला ना बाळंतपणाच्या टाक्यांचं भान राहिलं, ना शेजारच्या खाटांवरच्या बायांचं.

"मामाजी, यात बर्फ कोणी ठेवला?"

दुलीचंद खाटेपाशी उभे होते, खांद्याला निळा डबा. तीस वर्षं त्या डब्यातून लसी नेत त्यांनी लामत्यापर्यंतची गावं सायकलनं पालथी घातली होती. निवृत्त झाले, तेव्हा डबाही घरी आला.

"मी ठेवलो," ते ऐटीत म्हणाले. "त्या कंपनीवाल्यायच्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फाचा खडाबी नाही. मे महिन्यात रक्त टिकन का? माझ्या हातून तीस वर्षांत एक डोस खराब नाही झाला, बाई."

दोन तासांपूर्वी बाळ झालं. नाळ कापली आणि वारेकडच्या टोकात विमलाबाई सिस्टरनं सुई टोचली. पिशवी टेबलाखाली धरली तसं वारेतलं रक्त आपसूक उतरत गेलं, पेलाभर. एरवी ते बादलीत जातं. रचनाला ते अपूर्वासाठी हवं होतं. सात वर्षांची तिची मोठी लेक, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची. हाडं ठणकायला लागली की पोर उशी चावायची, पण रडायची नाही. आईला त्रास होतो म्हणे. नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते, पाठच्या भावंडाचं हे रक्त जुळलं, तर त्यातल्या पेशी अपूर्वाच्या अंगात नवं रक्त घडवू शकतील. त्या एका 'तर'वर रचनानं नऊ महिने काढले.

रक्त साठवणाऱ्या कंपनीचा कागद इंग्रजीत. डिक्शनरी मांडीवर घेऊन तिनं तो ओळ न् ओळ लावला. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत रक्त सावलीतल्या खोलीइतपतच गार ठेवायचं. तिथं तांबड्या पेशी बाजूला काढतात, कामाच्या तेवढ्या ठेवतात, त्यांत एक औषध घालतात आणि मग मिनिटाला एकेक अंश असं सबुरीनं गोठवत द्रव नायट्रोजनच्या टाकीत सोडतात. औषधाआधीच गोठलं, तर पेशीतल्या पाण्याचे काटे होतात आणि पेशी आतून फाटते.

हे तिला ठाऊक. कंपनीचा अनिश घरी आला होता तो मात्र पुरुषांशीच बोलला. टाकीचा चकचकीत फोटो काढून म्हणाला, "माइनस एक सौ छियानवे, अंकल!" दुलीचंदांनी तेवढं मनात धरलं. थंडी जितकी जास्त, तितकं रक्त सुखी.

आता खोकं न्यायला आलेला तोच अनिश हसत म्हणाला, "अंकल ने तो अच्छा ही सोचा था, भाभी."

"तू चूप बस! फोटो दाखवाले तोंड होतं तुले. बर्फ लावू नका, हे काहून नाही सांगितलं?"

"पेपर में लिखा तो है."

"इंग्रजीत! आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, आन् मी पाय वर करून टेबलावर पडली होती. तशीच उठून वाचून दाखवाले येऊ का?"

कोपऱ्यातल्या खाटेवरून कोणीतरी फिस्सकन हसलं.

दुलीचंदांनी डबा पुन्हा उघडला. पिशवी टॉवेलात होती, टॉवेलावर पेपर. "बर्फाले घाम सुटेपर्यंत बाहेर ठेवलतो," ते पुटपुटले. "ट्रिपलची लस गोठली का बाद होते. तेवढं मले मालूम आहे."

रचनानं पिशवी तळहातावर घेतली. गार होती, पण आतलं रक्त हललं. तिनं अनिशला तिथंच फोन लावायला लावला. प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं, किती वेळ बर्फात होतं? चाळीस मिनिटं. गोठलं तर नाही ना? नाही. मग वेळ लिहा आणि पाठवा. जिवंत पेशी मोजूनच सांगू.

राग तरी कुठं नेऊन ठेवायचा? रचनानं विमलाबाईंकडून जखमेचं जांभळं औषध मागितलं आणि कापसाच्या बोळ्यानं खोक्याच्या चारी अंगांना लिहिलं: बर्फ लावू नका. खाली हिंदीतही. बोटं आठवडाभर जांभळी राहिली.

"नागपूरपर्यंत मी घेऊन जातो," दुलीचंद म्हणाले.

"मांडीवर. ऊन नाही, बर्फ नाही."

"हौ."

"आन् हा डबा इथंच राहील."

"हौ, बाई."

चौथ्या दिवशी फोन आला. शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी पेशी जिवंत. रक्त टाकीत गेलं. अपूर्वाशी जुळतं का, ते अजून तपासायचं होतं. दुलीचंद दाराआडून ऐकत होते. बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचा त्यांना धीर नव्हता.

"जगलं," रचना मोठ्यानं म्हणाली. त्यांच्याकडे पाहिलं मात्र नाही. बर्फाला घाम त्यांनीच सुटू दिला होता, म्हणूनच रक्त गोठलं नव्हतं, हे तिला कळत होतं. राग अजून ते कळून घ्यायला तयार नव्हता.

तिनं बाळाला पदराखाली घेतलं, अपूर्वाची वही ओढली आणि कंपनीचा कागद मराठीत उतरवायला बसली. अनिश पुढच्या घरी जाईल तो हा घेऊनच जाईल, नाही तर तिच्याशी गाठ होती. पहिली ओळ तीच, बर्फाची. दुसरी ओळ इतकी दाबून लिहिली की पान फाटलं: हे घरातल्या जाणत्या माणसाला सगळ्यांत आधी सांगा.