दूध कमी नव्हतं

"हस ना गं! परवापर्यंत खिदळायचीस की," म्हणत ती लेकीच्या पोटाला गुदगुल्या करत होती. पोर तिच्या आरपार बघत राहिली. बसायला शिकलेली ती, आता ओल्या कपड्यासारखी मांडीवरून घसरत होती.

"आई, हिचं काहीतरी बिनसलंय."

"दात येत असतील," सासू म्हणाली, पण तिचाही आवाज खाली आला. "तुझं दूध तर मेलं उतू चाललंय."

ते खरंच होतं. लाँड्रीत इस्त्री करताना रस्त्यावरचं कुठलंही मूल रडलं, तरी तिचा पदर भिजायचा. वरचं अन्न पोर थुंकायची, म्हणून ती जास्तच पाजायची. आणि पोर कोमेजत गेली.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं आणि आईलाच विचारलं, "तुमच्या पायांना मुंग्या येतात?"

"येतात. दिवसभर उभ्यानं काम असतं."

"पोटाचं कधी ऑपरेशन?"

"झालंय, लग्नाआधी. अल्सर फुटला होता. अर्धं जठर काढलं. पण त्याचं हिच्याशी काय?"

"त्यानंतर इंजेक्शनं सांगितली असतील."

"घेतली की. मग बरं वाटायला लागलं, आणि सोडून दिली."

"अन्नातलं बी-बारा अंगी लागायला जठर धड लागतं. तुमच्यातच बी-बारा उरलं नाही, तर दुधात कुठून उतरणार? हिच्या मेंदूला ते हवं होतं."

"म्हणजे मी हिला पाजत होते ते..." तिनं डॉक्टरांचा हात घट्ट धरला. "माझं काहीही काढून घ्या, पण हिला आधीसारखी करा हो!"

"उशीर झालाय. कितपत भरून येईल, आज नाही सांगता येणार."

सुई टोचली तरी पोर धड रडली नाही. "आता तुम्ही," डॉक्टर म्हणाल्या. तिनं दंड पुढे केला. बाहेर आल्यावर पदराखाली घ्यायला तिचे हात धजेनात. सासूनंच पोर तिच्या कुशीत सरकवली. "घे. भूक लागलीय तिला. बाई म्हणाल्यात ना, पाजत राहा."

पोर पुन्हा हसली, बसली, उशिरा का होईना चाललीही. बोलली मात्र नाही.

शेजारणीची तिच्याच वयाची मुलगी आता लाँड्रीत येऊन अखंड बडबडते. आई दोघींना एकेक ताजा इस्त्री केलेला रुमाल देते. शेजारणीची मुलगी रुमालाची होडी करते. तिची लेक तो गालाला लावते आणि ऊब जाईपर्यंत डोळे मिटून उभी राहते.